मुलांच्या रक्तावर आळ, नफेखोरांना अभय

‘व्यसन हे रक्तातच असावे लागते’ हे वाक्य पूर्वी गावच्या पारावर ऐकू येत असे. आता ते विज्ञानाचा अंगरखा घालून शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरले आहे. अमुक एका जनुकाचा शोध लागला, तमुक जनुक असलेली मुले दारूकडे वळतात, अशी वृत्ते ठळक मथळ्यांनी छापली जातात. लाळेचा नमुना घेऊन माणसाचा स्वभाव आणि कल सांगण्याचा धंदाही उभा राहिला आहे. या सर्वांचा परिणाम एकच होतो. तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती तंबाखूची पुडी कोणी दिली हा प्रश्न मागे पडतो आणि त्या मुलाच्या आजोबांना कोणते व्यसन होते याची चौकशी सुरू होते.

या विचारसरणीचा समाचार घेणे अगत्याचे आहे. तसे करताना जनुकशास्त्रालाच नाकारण्याचे मुळीच कारण नाही. राजकीय हुकुमाने आनुवंशिकतेचे शास्त्र मोडीत काढण्याचा प्रयोग लायसेंकोच्या काळात सोव्हिएत युनियनमध्ये झाला आणि त्याची जबर किंमत तेथील जीवशास्त्राला व शेतीला मोजावी लागली. शास्त्र जे सांगते ते पूर्णपणे ऐकावे, अर्ध्यावर कान बंद करू नयेत, एवढेच आमचे म्हणणे आहे. कारण जे पूर्णपणे ऐकतील त्यांना असे आढळेल की, आनुवंशिकतेचे शास्त्र नफेखोरांच्या बाजूने साक्ष देतच नाही.

एक जुना डाव

रक्तावर आळ घेण्याची ही युक्ती नवी नाही. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध उघड होऊ लागला तेव्हा, १९५४ साली, अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी एक ‘संशोधन समिती’ स्थापन केली. तिच्या शास्त्रीय कारभाराची सूत्रे क्लॅरेन्स कुक लिटल या आनुवंशिकीतज्ज्ञाच्या हाती देण्यात आली. हे गृहस्थ अमेरिकेच्या सुप्रजननवादी संस्थेचे माजी अध्यक्ष होते. इंग्लंडमध्ये संख्याशास्त्राचे थोर पंडित रोनाल्ड फिशर यांनी १९५८ साली असे मत मांडले की, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच जन्मजात प्रवृत्तीची फळे असू शकतील. हे फिशर महाशय तेथील तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते! विद्वत्ता निर्विवाद होती, परंतु ती कोणाच्या दारात उभी होती हेही तितकेच निर्विवाद आहे.

आता याच उद्योगाचा खाजगी आवाज ऐका. १९८१ साली फिलिप मॉरिस या कंपनीच्या अंतर्गत अहवालात नोंद करण्यात आली की, आजचा किशोर हा उद्याचा संभाव्य कायम गिऱ्हाईक आहे, कारण बहुतेक धूम्रपान करणारे कुमारवयातच सुरुवात करतात. हा अहवाल पुढे न्यायालयीन लढ्यांमुळे जगासमोर आला. लोकांसमोर जन्मजात प्रवृत्तीची कथा सांगायची आणि बंद दाराआड मुलांच्या वयाचे हिशेब मांडायचे, हा या उद्योगाचा दुटप्पी व्यवहार होता. ज्यांना व्यसन रक्तात आहे असे खरोखरच वाटते, ते जाहिरातीवर कोट्यवधींचा खर्च कशाला करतील?

जुळ्या भावंडांची साक्ष

आनुवंशिकता आणि परिस्थिती यांचा वाटा मोजण्याची एक मान्य पद्धत आहे. एकाच बीजांडापासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात. दोन वेगळ्या बीजांडांपासून जन्मलेल्या जुळ्यांत ती सरासरीने निम्मीच समान असतात. एखादी सवय मुख्यतः जनुकांमुळे लागत असेल, तर पहिल्या प्रकारच्या जुळ्यांत ती दुसऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात जोडीने आढळली पाहिजे. दोन्ही प्रकारांत साम्य जवळजवळ सारखेच आढळले, तर त्याचे कारण सामाईक घर, शाळा आणि वस्ती यांत शोधावे लागते.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील सुमारे अठराशे पुरुष जुळ्यांचा असा अभ्यास केनेथ केंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. दारू, तंबाखू आणि गांजा या तिन्ही पदार्थांच्या बाबतीत निष्कर्ष बोलका होता. कुमारवयाच्या प्रारंभी निर्णायक ठरते ती कौटुंबिक आणि सामाईक परिस्थिती. जनुकांचा प्रभाव वय वाढेल तसा, प्रौढपणाकडे जाताना जाणवू लागतो. म्हणजे पहिला घोट आणि पहिला झुरका यांमागे मुख्यतः परिस्थिती असते. सवय जडल्यानंतर ती किती घट्ट पकडते, यात मात्र शरीराच्या घडणीला अधिक वाव मिळतो.

निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशींतील घटकांशी संबंधित एक जनुक रोजच्या सिगारेटींच्या संख्येवर परिणाम करते, हे २००८पासून ठाऊक आहे. परंतु ज्याने सिगारेटला कधी हातच लावला नाही, त्याच्या बाबतीत या जनुकाला ही करामत दाखवण्याची संधीच मिळत नाही. २०१९ साली सुमारे बारा लाख लोकांच्या जनुकीय माहितीची छाननी झाली, तेव्हा तंबाखू व दारूच्या सेवनाशी संबंधित चारशेहून अधिक स्थाने सापडली आणि त्या प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प निघाला. ‘व्यसनाचे जनुक’ अशी एकच एक वस्तू अस्तित्वातच नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आनुवंशिकतेचा वाटा हा काही दगडावर कोरलेला आकडा नव्हे. फिनलंडमधील चौदा वर्षांच्या जुळ्यांच्या पाहणीत असे दिसले की, ज्या घरांत मुलांवर लक्ष ठेवले जाते तेथे धूम्रपानावरील जनुकांचा प्रभाव क्षीण होतो, आणि जेथे लक्ष नसते तेथे तो वाढतो. अमेरिकेतील किशोरांच्या एका अभ्यासात, ज्या राज्यांत सिगारेटवर कर अधिक आणि विक्री व जाहिरातींवर निर्बंध कडक, तेथे रोजच्या धूम्रपानातील आनुवंशिकतेचा वाटा कमी आढळला. जनुकांना किती बोलू द्यायचे हे कायदा आणि कर ठरवतात, असाच याचा अर्थ नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल की, मग दोष आईबापांचा! हाही कावेबाज युक्तिवाद आहे. जी माता पहाटे धुण्याभांड्यांच्या कामावर जाते आणि जो पिता दोन पाळ्या करून मध्यरात्री परततो, त्यांनी मुलांवर लक्ष ठेवायचे तरी केव्हा? मुलांसाठी मिळणारा वेळ हीसुद्धा या समाजात विषमतेने वाटली गेलेली संपत्ती आहे.

जनुके तीच, समाज बदलला

जपानमध्ये पुष्कळ लोकांच्या अंगी असे एक जनुक आहे की, दारू पोटात जाताच त्यांचा चेहरा लाल होतो आणि मळमळ होते. हे निसर्गाने दिलेले कवचच म्हणायचे. तरीही मद्यासक्तांमध्ये हे जनुक असलेल्यांचे प्रमाण १९७९ साली २.५ टक्के होते, ते १९९२ साली १३ टक्क्यांवर गेले. तेरा वर्षांत एखाद्या राष्ट्राचे रक्त बदलत नाही; बदलला तो मद्यपानाचा सामाजिक रिवाज.

आइसलंडने याची उलट बाजू दाखवून दिली. तेथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी आदल्या महिन्यात दारूच्या नशेत गेलेल्यांचे प्रमाण १९९८ साली ४२ टक्के होते. २०१६ साली ते ५ टक्के झाले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. हे कसे झाले? जाहिरातींवर बंदी आली, विक्रीची वयोमर्यादा पाळली गेली, आणि खेळ, संगीत व कला यांसाठी सरकारने पैसा दिला. गरीब घरच्या मुलांनाही त्यात सामील होता यावे म्हणून कुटुंबांना अनुदान मिळाले. या अठरा वर्षांत कोणाचीही जनुके तपासून मुलांची वर्गवारी करावी लागली नाही.

आपल्या देशात काय चालले आहे?

२०१९ सालच्या देशव्यापी पाहणीनुसार १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखूचे सेवन करीत होती. सुरुवातीचे मध्यक वय सिगारेटीसाठी साडेअकरा, विडीसाठी साडेदहा आणि खाण्याच्या तंबाखूसाठी दहाच्याही आत भरले. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये असा कायदा २००३ साली झाला. अल्पवयीनांना असे पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद २०१५च्या कायद्याने केली. गुटख्यावर २०१२पासून एकामागून एका राज्याने बंदी घातली. तेव्हा उत्पादकांनी सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत भरून शेजारी शेजारी टांगल्या! वस्त्यांत आणि रेल्वे फलाटांवर राहणारी मुले तर फडक्यावर व्हाइटनर ओतून हुंगतात. नशेसाठी वास घेण्याच्या पदार्थांची विशेष मदत आवश्यक असलेल्या मुलांची देशातील संख्या केंद्र सरकारसाठी झालेल्या २०१९च्या सर्वेक्षणात ४ लाख ६० हजार एवढी आढळली. फलाटावर निजणाऱ्या या मुलांनी भूक आणि थंडी विसरण्याचा हा उपाय कोणत्या जनुकातून शिकला?

काही मुलांची शरीरे अधिक हळवी असतील हे आम्ही मान्य करतो. परंतु त्यातून निष्कर्ष निघतो तो संरक्षणाचा. वर्गातील चाळीस मुलांपैकी कोणते मूल पहिल्या पुडीनेच जखडले जाईल हे कोणालाही सांगता येत नाही, म्हणूनच ती पुडी चाळीसांपैकी कोणाच्याही हाती पडता कामा नये.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. शाळेजवळील विक्रीबंदीची अंमलबजावणी कागदावरून रस्त्यावर आणा. सुट्या सिगारेटींची विक्री आणि पानमसाल्याच्या आडून होणारी तंबाखूची जाहिरात बंद करा. प्रत्येक वस्तीत मैदान, वाचनालय आणि सायंकाळी मुलांसाठी उघडे केंद्र द्या. विड्या वळणाऱ्या लाखो स्त्रियांची ढाल पुढे करून मालकांना वाचवू नका; त्या स्त्रियांना पर्यायी रोजगाराची हमी द्या. आणि जो कोणी मुलाचे रक्त तपासण्याची भाषा करील, त्याला सांगा की आधी विक्रेत्यांचे हिशेब तपासा.