किल्ल्यावरचा वाघ आणि वीस बाजूंचा फासा

2023च्या दिवाळीत मी घरच्यांना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला बसवलं आणि तोंडावर आपटलो. सॉफ्टवेअरवाल्या माणसाने एखादी गोष्ट मनावर घेतली की जे होतं तेच झालं... ओव्हर-इंजिनिअरिंग. प्रत्येकाला दोन पानी कॅरॅक्टर शीट, हाताने काढलेला नकाशा, बर्फातलं गाव, एल्फ, ड्वार्फ, सगळी जय्यत तयारी. आईला जादूगारीण केलं होतं. तिने शीट उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "अरे, हा तर इन्कम टॅक्सचा फॉर्म! तुम्ही खेळा, मी चकल्यांचं बघते." बाबांनी पेपर उघडला. संपलं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली बाजारात आला. एकजण (डंजन मास्टर) प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट सगळ्यांनी मिळून पुढे न्यायची, एकमेकांना हरवायचं नाही.

आता, नवख्यांना खेळवायचं तर नियम कमी करा, असं सगळे सांगतात. बरोबर आहे, पण माझ्या मते खरी अडचण ती नाहीच. "तू काय करतेस?" या प्रश्नाला आईकडे उत्तर नव्हतं, कारण एल्फ सकाळी उठून काय करतो हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही! सणाचा खेळ म्हणजे त्याच ड्रॅगनच्या गुहेला आकाशकंदील लावणं नव्हे. ज्या जगाबद्दल घरच्यांना मास्तरपेक्षा जास्त माहिती आहे, असं जग निवडायला हवं.

2024ला दादा-वहिनी आणि पुतणी टोरांटोहून पाच वर्षांनी दिवाळीला येणार होते. दादा तिकडे गेल्यापासून त्याचं आणि बाबांचं बोलणं म्हणजे हवामान आणि व्हिसा. भांडण वगैरे नाही, पण तिसरं वाक्य येत नाही. मला खेळापेक्षा ही दोघं दोन तास एका टेबलाशी बसायला हवी होती, हे कबूल करून टाकतो.

तर या वेळी जग होतं अंगणातला किल्ला. आणि पात्रं म्हणजे किल्ल्यावरची चित्रं! नरकचतुर्दशीची पहाट व्हायची आहे, बालेकिल्ल्यावरची पणती विझत आलीय, आणि तीन इंच उंचीच्या मंडळींना स्वयंपाकघरातून तेल आणायचंय. वाटेत मोरी, मांजर आणि उंबरठा. आई गवळण (तेल तिच्याच घागरीत मावणार, म्हणजे तिला चकल्यांकडे पळता येणार नाही), वहिनी भाजीवाली, दादा मावळा, पुतणी तोफ ओढणारा बैल. बाबा गुहेतला वाघ. हा वाघ प्रत्येक किल्ल्यावर घोड्याएवढा असतो, का ते विचारू नका. शीटच्या जागी अर्ध्या पोस्टकार्डावर तीन ओळी: कोण, काय चांगलं येतं, कशाची भीती वाटते.

थोडं गणित सांगतो, कारण इथेच नवखे कंटाळतात. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत मध्यम अवघड कामाला 15 लागतात. नुसत्या फाशावर 15 किंवा जास्त पडण्याची शक्यता 30 टक्के. म्हणजे आईने दहा गोष्टी केल्या तर सात फसणार. कोण खेळेल? मी सरसकट 10 ठेवले, 55 टक्के. आणि दुसऱ्याने मदत केली तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा (हा नियम मूळचाच आहे), की तेच जवळजवळ 80 टक्के होतात. अट एकच, मदत कशी करणार ते तोंडाने सांगायचं. नुसतं "मी मदत करतो" चालणार नाही. घरच्यांसोबत खेळताना बाकी सगळे नियम फेकले तरी हा एक ठेवा.

चाळीसेक मिनिटं बाबा फक्त "हं" म्हणत होते. मग दादाचा मावळा मोरीत पडला. माझ्या वहीत तिथे मुंग्यांच्या सैन्याचा दोन पानी प्रसंग लिहिलेला होता. मी मुंग्यांवर येणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "वाघ आत शेपूट सोडतो."

पुतणी म्हणाली, "आजोबा, शेपूट मातीची आहे, तुटेल!"

"तुटू दे."

फासे पडले 4 आणि 17. दादा वर आला. शेपूट तुटलीच, तो मी निर्णय दिला. मग दादाने मावळ्याच्या शेल्यात ती शेपूट बांधून घेतली, आणि पुढचा तासभर ती चिकटवायची कशाने यावर दोघांची चर्चा... खळ, डिंक की ओली माती. मांजर बिचारी वाट बघत राहिली. तेल निम्मं सांडलं. पणतीचं नक्की काय झालं हे आम्हाला कुणालाच नीट आठवत नाही.

त्यामुळे तयारी करताना शेवट लिहू नका. जागा लिहा, तिथे कोण आहे आणि त्याला काय हवंय एवढं लिहा. माझ्या वहीतले चारपैकी तीन प्रसंग वापरलेच गेले नाहीत. आणि मारामारी एकच ठेवा. पाच नवखे पाळीपाळीने लढायला लागले की एवढा वेळ जातो, की बाकीचे मोबाईल काढतात.

आणि हो, फराळ खेळ संपल्यावर. चिवड्याच्या तेलकट हाताने फासा टाकला की तो टेबलाखाली जातो, आणि "तो धरायचा की परत टाकायचा" यावर आमच्याकडे पाऊण तास वाद झालेला आहे. आई त्यात सगळ्यात पुढे होती :)