दूध पुरत नाही, असे कोण म्हणते?

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एका बाळाचा नामकरण विधी झाला. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले, नाव ठेवले, खीर वाटली. मग भेटी. बाळाच्या आत्याने चकचकीत कागदात बांधलेली मोठी परडी आणली होती. त्यात दूध पावडरचे दोन डबे, दोन बाटल्या, शाम्पू, पावडर, तेल, लोशन. मायेनेच आणलेली, पदरमोड करून. सगळ्यांनी परडीसोबत फोटो काढले. बाळ तेव्हा पाच आठवड्यांचे होते आणि अंगावर चांगले पीत होते.

दहा-बारा दिवसांनी मी गेले तर एक डबा संपत आला होता. आई म्हणाली, "सिस्टर, माझं दूध पुरतच नाही. रात्री लई रडतं."

मी सव्वीस वर्षे बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका होते. "दूध पुरत नाही" हे वाक्य जितक्या वेळा ऐकले तितके दुसरे कुठले ऐकले नसेल. त्यातल्या फार थोड्या जणींना खरोखर दूध कमी होते. बाकीच्यांच्या मनात शंका होती, आणि डब्याचा धंदा या शंकेवरच चालतो.

आधी दुधाचे साधे गणित समजून घ्या. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. छाती रिकामी झाली की शरीराला कळते, आणखी हवे आहे. आता संध्याकाळी एक बाटली दिली की बाळ तेवढे कमी ओढते आणि शरीर तेवढे दूध कमी करते. दुसऱ्या आठवड्यात दोन बाटल्या लागतात. तेव्हा आई म्हणते, "बघा, मी म्हणत होते ना, पुरत नाही." दूध कमी झाले म्हणून बाटली आली असे तिला वाटते. खरे तर बाटली आली म्हणून दूध कमी झाले.

बाळ रडते ते फक्त भुकेने रडत नाही. उकडते, पोट दुखते, लंगोट ओला होतो, कुणी जवळ घ्यावे वाटते. पाच-सहा आठवड्यांची बाळे संध्याकाळी जास्तच किरकिर करतात आणि सारखी प्यायला मागतात. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. चोवीस तासांत सहा वेळा किंवा जास्त शू होते का आणि वजन वाढते का, एवढे बघा. वजनकाटा अंगणवाडीत आहे, आशाताईकडे विचारा, पैसे लागत नाहीत. शू कमी होत असेल, वजन थांबले असेल, बाळ सुस्त पडून राहत असेल, तर मात्र घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ही शंका बाईच्या मनात आपोआप उगवली नाही. डॉ. सिसिली विल्यम्स नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९३९ मध्ये सिंगापूरला एक भाषण केले. विषयाचे नावच होते 'दूध आणि खून'. डबाबंद दुधाच्या जाहिरातींना भुलून गरीब आया अंगावर पाजणे सोडतात आणि बाळे दगावतात, हे त्यांनी भर सभेत सांगितले. पुढे कंपन्यांनी नर्ससारखा पांढरा पोशाख घातलेल्या विक्रेत्या आफ्रिका-आशियातल्या दवाखान्यांत पाठवल्या. आम्हा नर्स लोकांच्या कपड्यावर लोकांचा जो विश्वास आहे, तोच त्यांनी विकायला काढला. याचा मला आजही राग येतो. १९७७ मध्ये अमेरिकेत लोकांनी नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्कार टाकला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा विक्रीवर बंधने घालणारी संहिता मंजूर केली. ११८ देश बाजूने होते, विरोधात एकटी अमेरिका.

आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या दुधाच्या डब्याची, बाटलीची आणि बाळ-आहाराची जाहिरात करता येत नाही. आईला फुकट नमुना किंवा भेट देता येत नाही. डब्यावर आईचा किंवा बाळाचा फोटो छापता येत नाही, आणि आईचे दूधच सर्वोत्तम असे लिहावेच लागते. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टीव्हीवर अशा डब्याची जाहिरात दिसत नाही ती या कायद्यामुळे.

पण आता हातात मोबाईल आहे. गोरीपान, केस धुतलेली आई, मागे पांढरा पाळणा, बाजूला रांगेत मांडलेल्या वस्तू. "माझ्या बाळासाठी मी काय काय वापरते." बघणारी दहा बाय बाराच्या खोलीत, कडेवर बाळ घेऊन, हंड्याच्या रांगेत. तिला वाटते, चांगली आई म्हणजे हे सगळे असलेली आई, आणि आपण कुठेतरी कमी पडतो. डोहाळजेवणाचे फोटोशूट, महिन्या-महिन्याचा केक, पहिल्या वाढदिवसाला फुग्यांची कमान. यासाठी बचत गटातून कर्ज उचललेली घरे मला माहीत आहेत. ते कर्ज फिटेपर्यंत घरातली अंडी बंद होतात.

इथे मला आपल्या माणसांना नुसते बोल लावायचे नाहीत. आपल्या आजी-पणज्यांना धड लुगडे नेसायचीही मुभा नव्हती. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना नेसण्याची जुनी, जात दाखवणारी पद्धत टाकून द्यायला सांगितले, आणि बायकांनी ते लगेच ऐकले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वस्तू नाकारल्या त्यांना पोरासाठी चांगली वस्तू घ्यावीशी वाटणे हा मानाचा भाग आहे. ते मी समजू शकते. कंपनीलाही ते बरोबर समजते. ती डब्यासोबत मानही विकते. गंमत बघा, बंगल्यातल्या बायका आता रजा काढून, सल्लागार बाईला पैसे देऊन अंगावर पाजायला शिकतात, आणि त्यांच्याकडे भांडी घासणारी आपली मुलगी डबा आणते!

डब्याचा हिशेबही करा. चारशे ग्रॅमचा डबा चारशे रुपयांच्या वर जातो. तीन-चार महिन्यांचे बाळ पूर्ण डब्यावर असेल तर तो चार दिवस पुरतो. म्हणजे महिन्याला सात-आठ डबे, तीन हजारांच्या पुढे. परवडत नाही म्हणून तीन चमच्यांच्या जागी दोन टाकतात. बाळाचे पोट भरते, पण ते पाण्याने. आमच्या वस्तीत नळाला पाणी तासभर येते. रोज सात-आठ वेळा बाटली उकळणार कोण आणि कशावर? मग जुलाब सुरू होतात, आणि डब्याच्या खर्चात सलाईनचा खर्च वाढतो.

ज्या बाळाला आई नाही, जिला गंभीर आजार आहे, जिला डॉक्टरांनीच पाजू नको सांगितले, तिथे डबा हे औषध आहे. त्या आईने मान खाली घालायचे कारण नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी दूधपेढीही असते. आशियातली पहिली दूधपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईतल्या शीवच्या महापालिका रुग्णालयातच सुरू केली. एका गरीब आईने दिलेले दूध तिथे दुसरीच्या बाळाला मिळते.

सहा महिन्यांनंतर बाजार दुसऱ्या दाराने येतो. मग पाकिटातले खाणे. २०२४ च्या एप्रिलमध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने उघड केले की नेस्लेचे सेरेलॅक भारतात साखर घालून विकले जाते, दर वाढणीला सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. स्वित्झर्लंडमध्ये तसल्याच मालात वरून साखर नव्हती. बोभाटा झाल्यावर कंपनीने इथेही बिनसाखरेचे प्रकार आणले. त्याच महिन्यात केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना कळवले की बोर्नव्हिटासारखी पेये 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात तसा प्रकारच नाही. आपण मात्र वीस वर्षे पोरे उंच होतील म्हणून ती पावडर दुधात ढवळत आलो. मुगाच्या डाळीचे खिमट, वर तेल किंवा तूप, नाचणीची पेज, उकडलेले अंडे, मऊ भातात कालवलेली मासळी. हे वाटी-चमच्याने भरवले तर पाकिटाची गरज नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी शंभरात फक्त अकरांना पुरेसा आहार मिळत होता. दुकाने मात्र पाकिटांनी भरलेली आहेत.

तरीही सगळे दुकानावर ढकलून चालणार नाही. आमच्या गल्लीतली ती आई दीड महिन्यात कामावर जायच्या विचारात होती. चार घरची धुणी-भांडी, सुट्टी घेतली की काम दुसरीला. तिला डबा हवा होता तो बाळाला सोडून जाता यावे म्हणून. वस्तीतल्या बाईकडे वेळ नसतो, आणि बाजार तिला वेळेच्या बदल्यात डबा देतो. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि त्याच्या खर्चाचा वाटा सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. आज नोकरदार बाईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. धुणी-भांडी करणारीला नाही. तिला पंतप्रधान मातृवंदना योजनेचे पाच हजार मिळतात, तेही पहिल्या बाळाला आणि दुसरी मुलगी झाली तर सहा. सव्वीस आठवड्यांना पाच हजार, हे गणित कुणी केले देव जाणे, असे म्हणणार होते, पण आपण तसे म्हणत नाही. माणसांनीच केले आहे, माणसांनाच विचारले पाहिजे.

कामावर जाणाऱ्या आईने दूध स्वच्छ धुतलेल्या वाटीत काढून झाकून ठेवावे. ते सावलीत साधारण चार तास टिकते, पत्र्याखाली उन्हाळ्यात त्याहून कमी धरा. बाळाला ते वाटी-चमच्याने पाजा, बाटलीने नको. रात्री मात्र पोटभर अंगावर पाजा, कारण रात्री दूध जास्त तयार होते.

आणि नामकरणाला जाताना परडी नेऊ नका. महिला मंडळाने वाटून घ्यावे, एकीने आठवडाभर पाणी भरायचे, एकीने डबा पोचवायचा, एकीने दुपारी बाळ सांभाळून आईला दोन तास झोपू द्यायचे. पैसे द्यायचेच असतील तर तिच्या बुडालेल्या कामाचे रोख द्या.

आमच्या गल्लीत आम्ही चौघींनी एवढेच केले. शेजारणीने पाणी धरले, मी रोज संध्याकाळी जाऊन बसले, बाळाला नीट छातीला लावून दाखवले, दर दीड-दोन तासांनी पाजायला लावले. सासूबाई सुरुवातीला नाखूश होत्या, मग त्याच मेथीची भाजी करून देऊ लागल्या. तीन आठवड्यांत बाटल्या चारावरून एकावर आल्या आणि आता ती एकही सुटली आहे. कामाच्या एका घरी बाईंनी आणखी महिनाभर थांबायचे कबूल केले, बाकीच्या तिघींनी नाही. दुसरा डबा सील न फोडलेला फळीवर आहे. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.