बर्फी, तिचे नखरे आणि उंदीर ब्रँड

दर महिन्याला माझ्या पगारातून ईएमआय जातो, मग एसआयपी जाते आणि तिसरी एन्ट्री असते पेट शॉपची. कारण बर्फी. वजन पाच किलो, जात अस्सल पुणेरी गल्ली, नखरे मात्र फाइव्ह स्टार. किचनच्या कपाटात अर्धवट फोडलेल्या पाकिटांचं म्युझियम झालंय. व्हिस्कस, मी-ओ, ड्रूल्स, झालंच तर रॉयल कॅनिनचं ‘एक्झिजंट’. हे खास नखरेल मांजरांसाठी काढलेलं! सोमवारी जे आवडतं त्याकडे गुरुवारी बाईसाहेब ढुंकून बघत नाहीत. यात ब्रँडचा दोष नाही, माझ्या लाडांचा आहे.

मध्यंतरी एका दुकानदाराने फंडा दिला, ‘मॅडम, दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल.’ मला पटलाही होता. लहानपणी भेंडीच्या बाबतीत आईने माझ्यावर हाच प्रयोग केला होता ना!

मग आला जानेवारी. माझी आत्या हिवरा आश्रमला असते, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तिथे जो महाप्रसाद होतो तो एकदा बघाच. मैदानभर लाखाहून जास्त माणसं पंगतीत आणि पुरी-वांग्याची भाजी वाढायला चक्क ट्रॅक्टर! यंदा सुट्टी टाकली आणि बर्फीला बास्केटमध्ये घालून गाडी काढली. नेहमीचे पाऊच संपले होते, म्हणून घाईत दुसरंच कोरडं पाकीट उचललं. इथेच चुकले.

आत्याच्या घरी वीस पाहुणे, बाहेर लाउडस्पीकर. बर्फी जी दिवाणाखाली शिरली ती शिरलीच. रात्री खाल्लं नाही, सकाळी नाही, संध्याकाळीही नाही.

“काय वं, तुही मांजर जेवत काहून नाई?” आत्याने विचारलं. “आमचा बोका पाय, दूध-पोळी खाऊन कसा टुमटुमीत हाये!”

तिने कालवणात बुडवलेला घास पुढे केला, तो मी अडवला. कांदा-लसूण मांजरांना विषासारखाच, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आत्या जरा फुगली.

मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते एकदम सीरियस. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते, याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. गुटगुटीत मांजरांना धोका जास्त, आणि दोन-तीन दिवसांचा उपासही पुरतो. ‘चोवीस तास झालेत ना? आज रात्री काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर सकाळी जवळच्या डॉक्टरकडे.’ दुकानदाराचा फंडा आठवला आणि पोटात गोळा आला.

आणि तो टुमटुमीत बोका? तो काही दूध-पोळीवर जगत नाही. रात्री धान्याच्या कोठीत त्याची वेगळी पार्टी असते! उंदरात प्रोटीन भरपूर, सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी, वर टॉरीन. हे टॉरीन मांजराला मांसातूनच मिळवावं लागतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की ते कमी पडलं तर मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरीन वाढवलं. म्हणून मी हल्ली पाकिटांची तुलना एकमेकांशी करत नाही, उंदराशी करते.

त्यात एक गोची आहे. पाऊचवर प्रोटीन ८ टक्के दिसतं, कोरड्या पाकिटावर ३२. आपण म्हणतो, कोरडं भारी! पण पाऊचमध्ये ८४ टक्के पाणी असेल तर उरलेल्या १६ मध्ये ८, म्हणजे निम्मं प्रोटीन. कोरड्यात पाणी १० टक्के धरलं तर ९० मध्ये ३२, म्हणजे छत्तीसच्या आसपास. आणि लेबलवर ‘कम्प्लीट’ लिहिलंय की ‘कॉम्प्लिमेंटरी’ ते बघा. दुसरं असेल तर ते रोजचं जेवण नाही, चाट आहे. ट्रीटचे बरेचसे दाणे किंवा क्रीमच्या नळ्या या त्यातल्याच. एक दाणा जेमतेम दोन कॅलरीचा, पण चार किलोच्या घरबश्या मांजराला दिवसाला लागतात साधारण दोनशेच. त्यातल्या वीस ट्रीटच्या, बस्स. (ऑफिसात चार वाजताच्या वड्यासाठी हा नियम मला कोणी सांगू नये.)

बर्फीला गोड कळत नाही बरं का! २००५ मध्ये सिद्ध झालं की मांजरांमधलं गोड चवीचं जनुक बिघडलेलं असतं. उलट ट्यूनाची चव त्यांच्या जिभेला नेमकी बसते, हे २०२३ च्या एका अभ्यासाने सांगितलं.

तर त्या रात्री मेहकरच्या एका दुकानातून भावाने ट्यूनाचा पाऊच आणला. आत्याने रुसवा सोडून कोठीची शांत खोली उघडून दिली. पाऊच गरम पाण्यात ठेवून कोमट केला, कारण ताजा उंदीर कोमटच असतो. वाटीऐवजी स्टीलची पसरट ताटली. आधी पर्समध्ये सापडलेल्या क्रीमच्या नळीतलं बोटभर तिच्या नाकासमोर धरलं. काहीच नाही. आत्या आणि मी पोत्यांना टेकून बसलो. दीड वाजता बोटाला खरखरीत जीभ लागली. मग ताटलीचा आवाज आला.

“खाल्लं वं खाल्लं!” आत्या कुजबुजली.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर बोक्याने पाहुणीसाठी अर्धा उंदीर आणून ठेवलेला. टॉरीन, प्रोटीन, पाणी, सगळं कम्प्लीट. बर्फीने वास घेतला आणि तोंड फिरवलं.