सरहद्दीवर पुसली जाणारी वर्षं

पुण्याचा एखादा इंजिनिअर आइंडहोवनला चार वर्षं काढतो, कर भरतो, डच शिकतो. पुढे म्युनिकमध्ये चांगली नोकरी मिळाली म्हणून तिकडे जातो. नागरिकत्वाच्या हिशेबात ती चार वर्षं तिथेच संपली. जर्मनीत पुन्हा पहिल्यापासून पाच. तिथून व्हिएन्नाला गेला, तर साधारणपणे दहा.

मला हा अन्याय वाटतो. पासपोर्ट कोणत्याही सदस्य देशाचा असो, त्याच्यासोबत युरोपीय संघाचं नागरिकत्व आपोआप येतं. १९९३ मध्ये अमलात आलेल्या मास्ट्रिक्ट कराराने हे नागरिकत्व निर्माण केलं. हक्क सगळ्यांना सारखे, पण तिथवर पोचायच्या अटी देशोदेशी निराळ्या. फ्रान्समध्ये पाच वर्षं, डेन्मार्कमध्ये नऊ, इटलीत दहा. स्पेनमध्ये भारतीयाला दहा आणि अर्जेंटिनाच्या माणसाला दोन!

एका देशाचा नियम दुसऱ्या देशात कसा उमटतो, हे गोव्याला वेगळं सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. हा इतिहासाने दिलेला हक्क आहे, त्याला माझी हरकत नाही. पण त्याच पासपोर्टवर ब्रेक्झिटपूर्वी कितीतरी गोंयकार कुटुंबं इंग्लंडात, स्विंडनला जाऊन राहिली. ब्रिटनमध्ये कोण वसणार, हे पोर्तुगालचा कायदा ठरवत होता.

माल्टा तर लाखो युरो घेऊन नागरिकत्व देत होतं. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयाने ती योजना संघाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. नागरिकत्व कुणाला द्यायचं हे प्रत्येक देशाने ठरवावं, पण त्याचा असा व्यापार करता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख आहे.

सगळ्या देशांनी एकच कायदा करावा, असं माझं म्हणणं नाही. डेन्मार्कने डॅनिशची परीक्षा जरूर घ्यावी. भाषेवाचून कुणी तिथल्या समाजात मिसळणार नाही. मागणी एवढीच, की संघातल्या दुसऱ्या देशात कायदेशीरपणे राहिलेली वर्षं धरली जावीत. याला आधार आहे. ब्लू कार्ड म्हणजे उच्चकुशल बिगर-युरोपीय कामगारांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार ब्लू कार्डधारकाला दीर्घकालीन वास्तव्याच्या परवान्यासाठी निरनिराळ्या देशांतली वर्षं एकत्र करता येतात. शेवटची दोन मात्र अर्ज करतो त्या देशातली हवीत. हीच अट नागरिकत्वाला का चालू नये?

अडचण राजकारणाची आहे. नागरिकत्वाच्या अटी ठरवण्याचा अधिकार करारांनी संघाला दिलेला नाही, आणि वारंही उलटं वाहतंय. इटलीत दहाची पाच वर्षं करण्याचं सार्वमत जून २०२५ मध्ये अपुऱ्या मतदानामुळे बाद झालं. जर्मनीने तीन वर्षांची जलद वाट त्याच वर्षी बंद केली.

ब्लू कार्ड मिळवणाऱ्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे आपला माणूस तिथला पासपोर्ट घेतो, तेव्हा इथला सोडून देतो. एवढा मोठा निर्णय घेणाऱ्याला आज दुसऱ्या देशातली चांगली नोकरी नाकारावी लागते, कारण तो सरहद्द ओलांडेल त्या दिवशी त्याची वर्षं बुडतील.