मी कुठे आहे?

पूर्वी मोबाईलच्या पडद्यावर टॉवरच्या भागाचं नाव उमटायचं. तरी कुर्ल्यात असताना "ठाण्यात पोचलोच" अशी थाप खपायची! आता व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन मागतात. १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास. मग ते आपोआप बंद होतं, आणि मला नेमकं तेच आवडतं. पुढच्या सगळ्या सेवांनाही अशीच मुदत असावी, असं माझं ठाम मत. असो, मत सोपं असतं. बाबा हल्ली घरचा रस्ता विसरतात, म्हणून त्यांच्या फोनवर गूगल मॅप्समधून बिनमुदत लोकेशन चालू केलंय. विचारूनच केलं. "मग तुझंही मला दिसू दे की," म्हणाले. दोन महिने झाले, मी अजून दिलेलं नाही.