सज्ञान मुलांचे पालनकर्ते

एखाद्या रविवारी सकाळी शहराबाहेरच्या ऑनलाइन परीक्षा केंद्रावरून सहज चक्कर मारून पाहा. बँकेची म्हणा, रेल्वेची म्हणा, सरळसेवा भरतीची म्हणा, कुठली ना कुठली परीक्षा तिथे चाललेली असते. आत मुले संगणकापुढे बसलेली आणि बाहेर झाडाखाली, स्कूटरच्या सीटवर, चहाच्या टपरीपाशी त्यांचे आईवडील. हातात पाण्याची बाटली, काखेत झेरॉक्सची पिशवी, शेजारी जेवणाचा डबा. दहावीच्या परीक्षेला हे दृश्य शोभून दिसते. इथे आत बसलेला उमेदवार चोवीस-पंचवीस वर्षांचा असतो.

अर्थात परक्या गावातल्या केंद्रावर मुलीला सोडायला बाप आला तर त्यात गैर काही नाही. माझे म्हणणे फाटकाबाहेरच्या आईवडिलांविषयी नाही, फाटकाच्या आत शिरलेल्यांविषयी आहे. अर्ज कुठल्या पदासाठी करायचा हे वडील ठरवतात. तो भरते आई. नोंदणीला मोबाइल नंबर वडिलांचा, त्यामुळे ओटीपी त्यांच्याकडे येतो आणि मुलाखतीचे बोलावणेही आधी त्यांनाच कळते. खासगी कंपनीत मुलगा मुलाखत देऊन आला की संध्याकाळी वडिलांचा तिथल्या एच.आर.ला फोन, ‘आमच्या चिरंजीवांचं काय झालं?’ नेमणूकपत्र आले की पगाराचा तक्ता व्हॉट्सॲपवरून काकांकडे जातो, घरात बैठक बसते आणि रुजू व्हायचे की नाही याचा ठराव संमत होतो. ज्याच्या नावाचे पत्र आहे तो बैठकीला हजर असतो, एवढेच.

यावर आमच्या पिढीने नाक मुरडावे असे काही नाही. ‘चिकटवणे’ हे क्रियापद मराठीत नोकरीला जोडले गेले ते उगाच नव्हे. गावाकडचा बाप मुंबईतल्या गाववाल्याला पोस्टकार्ड टाकायचा, ‘पोराला कुठंतरी चिकटवा.’ ओळख, वशिला, शब्द टाकणे हे सगळे तेव्हाही होतेच. पण शब्द टाकून झाला की बापाचे काम संपायचे. १९६९ साली १४ आणि १९८० साली आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेडोपाडी पोचल्या आणि बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डाच्या परीक्षा देऊन हजारो मराठी मुले बँकांत शिरली. मी त्यांतलाच एक. आमच्यापैकी बहुतेकांच्या वडिलांना ती परीक्षा कशी असते हेही ठाऊक नव्हते. छापील अर्ज आपणच भरायचा, पोस्टल ऑर्डर आपणच आणायची आणि नेमणूक परमुलखात झाली तर ट्रंक उचलून गाडीत बसायचे. घरचे पत्र यायला आठवडा लागे. त्या आठवड्यात जे काही घडेल ते आपले आपण निस्तरायचे. यात आमच्या वडिलांचा शहाणपणा होता असा आव मी आणणार नाही. त्यांच्याजवळ साधने नव्हती. खिशात मोबाइल असता तर त्यांनीही साहेबाला फोन केलाच असता.

आजच्या पालकांजवळ साधने आहेत आणि काळजीही मोठी आहे. एक किंवा दोन मुले. त्यांच्या शिक्षणावर आयुष्याची पुंजी लागलेली. बँकेत शैक्षणिक कर्जाची कागदपत्रे करताना हे मी फार जवळून पाहिले आहे. २००१ सालच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेपासून मुलाबरोबर आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. अभ्यासक्रम संपून काही महिने गेले की हप्ते सुरू होतात. मुलाला नोकरी नसेल तर ते वडिलांच्या पगारातून किंवा पेन्शनमधून जातात. असा माणूस मुलाच्या नोकरीबद्दल तटस्थ कसा राहील? त्याला ‘तुम्ही यात पडू नका’ असे ऐकवणे सोपे आहे, पण पैसे त्याचेच अडकलेले असतात. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिका आणि कॉटबेसिसचा खर्च भागवणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट याहून वेगळी नाही. तो फोन करून कुणाला जाब विचारत नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे तेवढे पाठवतो. पण त्या पैशांमागून ‘साहेब होऊनच गावात ये’ ही अपेक्षाही येते आणि पाचव्या प्रयत्नानंतरही पोराला परतीची वाट सापडत नाही.

म्हणून काळजीवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो काळजीच्या पोटी निर्णय हातात घेण्यावर. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण अगदी व्यवहाराचे. वडिलांना जे जग माहीत आहे ते आता पुष्कळसे उरलेले नाही. ‘बँकेत लाग, पेन्शन आहे’ असे सांगणाऱ्या किती वडिलांना ठाऊक असते की १ एप्रिल २०१० पासून सरकारी बँकांत लागलेल्यांना ते जुने, ठरावीक पेन्शन नाही? त्यांना एनपीएस आहे, म्हणजे दरमहा वर्गणी भरायची आणि पुढचे बाजारावर. एका खुर्चीला चिकटून राहणे हा आमच्या काळी गुण होता, अनेक क्षेत्रांत आज तो तसा मानला जात नाही. सल्ला देणाऱ्याची माया खरी असते. त्याचा नकाशा मात्र जुना असतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. माझ्या हाताखाली एक नवा प्रोबेशनरी ऑफिसर आला होता. हुशार, हिशेबाला पक्का. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील केबिनमध्ये आले आणि म्हणाले, ‘साहेब, त्याला वसुलीला पाठवू नका. तो भिडस्त आहे.’ काचेपलीकडून मुलगा पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर लाज होती आणि थोडी सुटकाही. मला त्या सुटकेची भीती वाटली. बँकेतली निम्मी नोकरी म्हणजे समोरच्या माणसाला नीट शब्दांत ‘नाही’ म्हणणे. ज्याला घरात कधी ‘नाही’ म्हणू दिले नाही, तो कर्ज मागायला आलेल्या वजनदार गिऱ्हाइकाला काय म्हणणार?

आणखी एक प्रसंग. एका मुलीची नेमणूक दुसऱ्या राज्यात झाली. नेमणूक बदलून द्या, नाहीतर ती रुजू होणार नाही, असा टाइप केलेला अर्ज घेऊन वडील आले. मुलगी एक पाऊल मागे उभी. मी विचारले, ‘तुला काय वाटतं, बाई?’ तिने वडिलांकडे पाहिले. उत्तर त्यांनीच दिले. नेमणूक बदलली नाही, ती रुजू झाली नाही, तिच्या जागी दुसरे कुणीतरी गेले. ती गेली असती तर तिचे भलेच झाले असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिथे तिला करमले नसते, कदाचित सहा महिन्यांत परतही आली असती. पण ते तिचे परतणे असते. स्वतः घेतलेला निर्णय चुकला तर माणूस त्यातून काही शिकतो. दुसऱ्याने घेतलेला चुकला तर तो दुसऱ्याला दोष देत बसतो. चाळिशी उलटल्यावरही ‘बाबांनी तेव्हा जाऊ दिलं असतं तर’ असे म्हणणारी माणसे तुमच्याआमच्या घरांत आहेत. त्यांचे बाबा वाईट नव्हते. त्यांनी मुलांच्या वाट्याची चूक तेवढी स्वतः करून टाकली.

मग आईवडिलांनी करायचे काय? पुष्कळ आहे. जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास या दाखल्यांसाठी वडील-आजोबांचे कागद लागतात, तिथे त्यांचे पाय झिजलेच पाहिजेत. मुलाखतीचा सराव घ्यावा, पण मुलाने ‘घ्या’ म्हटल्यावर. पैशांचे स्पष्ट बोलावे. ‘आणखी दोन वर्षं आम्ही खर्च उचलू शकतो, पुढे नाही’ हे एकदा शांतपणे सांगणे रोजच्या टोमण्यांपेक्षा दयाळूपणाचे आहे. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर आईवडिलांनी जामीनदार असावे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धंदा बुडाला तर त्यालाही भरावे लागते. तरीही तो कर्जदाराच्या दुकानात जाऊन गल्ल्यावर बसत नाही.

गल्ल्यावरून उठायचे कधी, हे बँकेत मात्र पक्के ठरलेले असते. मुलाच्या नावाचे खाते पालक चालवत असला तरी मूल अठरा वर्षांचे झाले की पालकाचा अधिकार संपतो आणि मुलाच्या सहीचा नमुना घेतला जातो. घरात असा कुठला दिवस नेमलेला नसतो. घरची गत जमिनीच्या सात-बाऱ्यासारखी आहे. बाप लवकर गेला की मुलांची नावे उताऱ्यावर लागतात आणि त्यापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे येतात. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे वारस अजून अज्ञान आहे, त्याच्या वतीने अमुक एक पाहतो. गंमत अशी की मूल अठराचे झाले म्हणून तो शेरा आपोआप जात नाही. चाळिशीच्या, स्वतः दोन मुलांचा बाप असलेल्या माणसाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे लिहिलेले उतारे पीककर्जाच्या वेळी मी कितीदा पाहिले आहेत. तो शेरा काढायचा तर वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, मग फेरफार होतो.

तो अर्ज आईने करायचा नसतो. तिच्या बाजूने सगळे ठीकच चाललेले असते. तो सज्ञान झालेल्याने स्वतः करायचा असतो, आपल्या सहीने. आज घरोघरी हा लेख आईवडिलांनी वाचून मुलांपुढे सरकवला असेल, किंवा मुलांनी आईवडिलांपुढे. सरकवणारा जर पंचविशीचा असेल, तर त्याने एवढेच करावे. पुढच्या अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा लिहावा.