चढाई, पकड आणि फाइल

दिवाळीत यवतमाळला गेले की माझी एक संध्याकाळ नेहरू स्टेडियमच्या नावावर असते. यंदा सोबत मामेबहीण होती. बाईसाहेब बारावीत आहेत, कबड्डी खेळतात आणि मागच्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत राज्यस्तरापर्यंत जाऊन आल्यात. घरात तिचा भाव सध्या सोन्याच्या वर!

"ताई, मले पुढं युनिव्हर्सिटीकडून खेळायचं हाय."

"छान! आणि बारावीचं काय?"

"खेळाडूले मार्क कोण विचारते व?"

मी चालता चालता थांबलेच. हेच वाक्य मी शाळेत असताना ऐकलं होतं. बोलणारी माझी मैत्रीण होती. खो-खोत अशी पळायची की पाठलाग करणारीला दम लागायचा. तीही राज्यस्तरावर खेळून आली. दहावीत मात्र गणितात नऊ मार्कांनी गेली. खेळाडूंना सवलतीचे गुण मिळू शकतात, हे आम्हाला निकालानंतर कळलं. तिचा प्रस्ताव गेला असता तर ती पास झाली असती का, हे मी सांगू शकत नाही. पण प्रस्ताव गेलाच नाही. सर्टिफिकेट घरच्या लोखंडी पेटीत होतं आणि शाळेत कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर ती कधी मैदानावर दिसली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

म्हणून त्या रात्री फराळाचं ताट बाजूला सारून मी बहिणीला घेऊन बसले. म्हटलं, चल, तुझी रेड कुठं अडू शकते ते बघू.

पहिली पकड बोर्डाची. आपल्या राज्यात दहावी-बारावीच्या खेळाडूंना स्पर्धेचा स्तर आणि कामगिरी बघून जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळतात. पण ते आपोआप पडत नाहीत, बरं का! शाळेनं किंवा ज्युनिअर कॉलेजनं प्रस्ताव करायचा, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून तो तपासला जायचा आणि मग अमरावती विभागीय मंडळाकडे जायचा. तारीख चुकली की विषय संपला. शिवाय बोर्डाला 75 टक्के हजेरी लागते. शिबिराला आणि स्पर्धेला गेलेले दिवस शाळेच्या नोंदीत लेखी आहेत का, ते आजच बघायचं, फेब्रुवारीत नाही.

दुसरी पकड कॉलेजची. यवतमाळची बहुतेक कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आणि त्यापुढे अखिल भारतीय. या आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नियम भारतीय विद्यापीठ संघाचे, म्हणजे एआययूचे. वय 17 ते 25. विद्यार्थी पूर्णवेळ आणि किमान एक शैक्षणिक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा हवा. तात्पुरता, म्हणजे प्रोव्हिजनल प्रवेश असेल तर तो धरत नाहीत. आणि पूर्णवेळ नोकरी करणाराही चालत नाही. म्हणजे बारावीत एक विषय राहिला की कॉलेजात प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर जर्सीही नाही. मार्क कोण विचारते? सगळेच विचारतात, बाई!

हे फक्त आपल्याकडेच असं नाही. अमेरिकेत एनसीएएच्या डिव्हिजन वनमध्ये खेळायचं असेल तर हायस्कूलच्या चार वर्षांत ठरावीक 16 कोअर विषय-अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. त्यातले 10 शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी. आणि त्यात सरासरी किमान 2.3 जीपीए. तिथला पोरगा नववीतच हिशेब मांडायला बसतो. आपल्याकडे हिशेब निकालाच्या दिवशी सुरू होतो. फरक एवढाच, पण तो सगळ्यात महाग पडतो.

तिसरी पकड सगळ्यात फालतू वाटते, आणि तिथेच जास्त जण आऊट होतात. कागद! बहिणीची सर्टिफिकेटं लग्नपत्रिकांच्या पिशवीत निघाली. एकावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं, दुसऱ्यावर जन्मतारीख चुकलेली. आता हसायला येतं, पण महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि तिथे क्रीडा विभाग प्रत्येक प्रमाणपत्राची पडताळणी करतो. त्या दिवशी कोणी हसत नाही.

मामा इतका वेळ टीव्ही बघत होते. हळूच म्हणाले, "हे सारं आमाले कोणी सांगतलंच नाही न, बाई." खरंय. पोरीला पहाटे पाचला मैदानावर सोडणारा बाप कुठे कमी पडला होता? त्याला फक्त हे माहीत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर दोघं कॉलेजात गेले. प्रस्तावाची तारीख विचारली, हजेरीचा अर्ज दिला, स्पेलिंग दुरुस्तीला टाकलं. बहिणीनं नवी निळी फाइल घेतली आणि फोटो पाठवला. खाली मेसेज : "ताई, आता अकाउंटन्सीचीबी प्रॅक्टिस सुरू."

तुम्ही पुण्यात, मुंबईत, नागपुरात एसीत बसून हे वाचत असाल, तर गावाकडे तुमचाही एखादा भाऊ, भाची, शेजारची पोर खेळत असेलच. या वीकेंडला शूज घेऊन द्या, जरूर द्या. पण सोबत एक फाइल द्या आणि एक फोन करा. विचारायचं एवढंच : "प्रस्ताव गेला का?"

माझ्या मैत्रिणीला हे विचारणारं कोणी असतं, तर ती आज कुठे असती, कोण जाणे. निदान मैदानावर थोडी जास्त दिसली असती.